हिरवळीखालची बाग

आग्र्याच्या ताजमहालाचा संगमरवर आजही तोच आहे, जो सतराव्या शतकातल्या कारागिरांनी घडवला, जोडला आणि घासून चकचकीत केला. त्याच्यासमोरच्या बागेतले एकही फुलझाड मात्र शाहजहानच्या काळातले नाही आणि असणे शक्यही नाही. या साध्या फरकातून भारतात, आणि बऱ्याच अंशी जगभर, एक समज रूढ झाला, की इमारत हा इतिहास आहे आणि बाग ही त्या इतिहासाभोवतीची शोभा. इमारतीचा दगड बदलायचा तर पुरावे मागितले जातात, पण बागेतला वाफा बदलायचा तर माळ्याची आवड आणि त्या वर्षीची तरतूद एवढ्यावर भागते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. ऐतिहासिक बागेचे ऐतिहासिकपण तिच्या झाडांत शोधणे ही मुळातली चूक आहे. ते तिच्या जमिनीच्या पातळ्यांत, पाण्याच्या वाटांत आणि ती बाग चालवणाऱ्या व्यवस्थेत असते, आणि या तिन्ही गोष्टी जमिनीखाली किंवा कागदपत्रांत दडलेल्या असल्यामुळे माळ्याच्या आधी पुरातत्त्वज्ञाने बागेत पाऊल टाकणे आवश्यक ठरते.

बागेला स्मारक मानावे की नाही, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर फार उशिरा सुटला. स्मारके आणि स्थळे यांच्या जतनासाठी काम करणाऱ्या ‘इकोमॉस’ या संस्थेच्या तज्ज्ञांनी 1981 मध्ये फ्लॉरेन्स येथे एक सनद तयार केली आणि संस्थेने ती 1982 मध्ये स्वीकारली. या फ्लॉरेन्स सनदेने ऐतिहासिक बागेला ‘जिवंत स्मारक’ म्हटले, म्हणजे जिचे मुख्य घटक वनस्पती असल्यामुळे जी सतत मरते आणि सतत नव्याने उगवते, अशी वास्तू. याच सनदेने असेही सांगितले, की आवश्यक तेथे उत्खननासह सर्व संशोधन पूर्ण झाल्याशिवाय बागेच्या पुनःस्थापनेला, म्हणजे ती पूर्वरूपात आणण्याच्या कामाला, हात घालू नये, आणि जी बाग संपूर्ण नाहीशी झाली आहे तिच्या जागी केवळ कल्पनेने उभारलेल्या बागेला ऐतिहासिक बाग म्हणू नये. शास्त्रीय संगीतातली बंदिश प्रत्येक मैफलीत नव्याने गायली जाते आणि तरीही तीच बंदिश राहते, कारण तिची बांधणी टिकलेली असते. बागेचे अस्तित्व काहीसे असेच आहे. प्रश्न एवढाच, की बागेची ही बांधणी नेमकी कोठे नोंदलेली असते.

ती मातीत नोंदलेली असते. झाड लावण्यासाठी खणलेला खड्डा, कुंपणाच्या झुडपांसाठी काढलेला चर, वाफ्यात आणून टाकलेला पोयटा, पायवाटेखाली ठोकून बसवलेला मुरूम, या साऱ्यांमुळे मूळ जमिनीचा रंग, पोत आणि घट्टपणा बदलतो, आणि झाड कुजून गेले, पायवाट गवताखाली गेली तरी हा बदल शतकानुशतके ओळखता येतो. इंग्लंडमधील फिशबोर्न येथे 1960 मध्ये पाण्याच्या नळासाठी खणताना एका रोमन राजवाड्याचे अवशेष लागले आणि पुढे बॅरी कन्लिफ यांच्या उत्खननात, झुडपांच्या रांगा लावण्यासाठी खणून चांगल्या मातीने भरलेले चर इतके स्पष्ट दिसले, की सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या बागेचा आराखडा त्या चरांवरूनच पुन्हा लावता आला. पाँपेईची गोष्ट याहून विलक्षण आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हे शहर राख आणि हलक्या ज्वालामुखी खड्यांखाली गाडले गेले. झाडांची मुळे कालांतराने कुजली आणि त्यांच्या पोकळीत ते खडे घरंगळून भरले. 1961 नंतर विल्हेल्मिना जॅशेम्स्की या अमेरिकन विदुषीने या पोकळ्या रिकाम्या करून, त्यांत तारेचा आधार देऊन सिमेंट ओतले आणि आजूबाजूची माती काढल्यावर मुळांचे तंतोतंत साचे हाती आले. ज्या मोकळ्या जागेला आधीचे अभ्यासक गुरांचा बाजार समजत होते, ती जागा दोन हजारांहून अधिक वेलींचा द्राक्षमळा असल्याचे या पद्धतीने सिद्ध झाले. शहराच्या तटबंदीच्या आत, मोक्याच्या जागी, एवढी मोठी शेती होती, हे कळल्यावर रोमन नगराची कल्पनाच बदलावी लागली. बाग ही शोभा नसून पुरावा आहे, हे यापेक्षा ठळकपणे क्वचितच दिसले असेल.

भारतात पाँपेईसारखी राख नाही, पण येथील मोगल बागांचा आराखडा असा आहे, की तो मातीपेक्षाही दगड-चुन्यात अधिक टिकतो. चारबाग म्हणजे एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली, तटबंदीने बंदिस्त केलेली बाग. तिच्यात पाट आणि पायवाटा उंचावर, तर झाडांचे वाफे त्यांच्याहून बरेच खाली असत. त्यामुळे पाटातले पाणी बारी फोडून वाफ्यात सोडता येई आणि पायवाटेवरून चालणाऱ्याच्या पायांशी फुलांचा गालिचा अंथरल्यासारखा दिसे, तर फळझाडांचे शेंडे हाताशी येत. म्हणजे या बागेत पातळीतला फरक ही गौण बाब नव्हती. सिंचन आणि सौंदर्य या दोन्हींचा तो पाया होता. वाफ्यांत भर घालून ते पायवाटेच्या बरोबरीला आणले, की आराखडा कागदावर तसाच राहतो, पण बाग संपते. ताजच्या बागेतील पाण्याची व्यवस्था तर अभियांत्रिकीचा नमुनाच आहे. यमुनेचे पाणी बैलांच्या साहाय्याने चामड्याच्या पुरांनी, म्हणजे मराठी शेतकऱ्याच्या मोटेनेच, वर ओढून उंचावरच्या टाक्यांत साठवले जाई आणि तेथून जमिनीखालच्या नळांनी कारंज्यांपर्यंत पोहोचे. प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचे एक भांडे बसवलेले होते. पाणी आधी सर्व भांडी भरी आणि मगच वर उसळे, त्यामुळे टाकीजवळचे कारंजे आणि दूरचे कारंजे एकाच उंचीवर उडे. हे भांडे संगमरवराइतकेच मौल्यवान आहे, पण ताज पाहायला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते आहे हे ठाऊक असते.

या बागांच्या पुरातत्त्वाची भारतातली सुरुवात एका ग्रंथवाचनातून झाली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. 1526 मध्ये हिंदुस्थानात आलेल्या बाबराला येथे वाहते पाणी नाही याची खंत वाटली, आणि त्याने विहिरी खणून बागा वसवल्या. धोलपूरजवळ एकाच अखंड खडकातून कमळाच्या आकाराची कुंडे कोरवून केलेल्या बागेचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात येतो. एलिझाबेथ मॉयनिहन यांनी त्या वर्णनाचा माग काढत 1978 मध्ये धोलपूरजवळच्या झोर या खेड्यात ते कमळकुंड शोधून काढले. जे शिल्प गावकऱ्यांच्या रोजच्या नजरेत होते, ते इतिहासाच्या नजरेतून साडेचार शतके निसटले होते, कारण बाग म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

याच मॉयनिहन यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेतील अभ्यासक यांनी ताजच्या समोर, यमुनेच्या पलीकडच्या तीरावर असलेल्या मेहताब बागेचा अभ्यास केला, आणि बागेच्या पुरातत्त्वाने काय साधते याचे भारतातले सर्वांत बोलके उदाहरण तेथे उभे राहिले. या जागेविषयी एक लोकप्रिय कथा होती, की शाहजहान तेथे स्वतःसाठी काळ्या दगडाचा दुसरा ताज बांधणार होता. शाहजहानने पलीकडच्या तीरावर स्वतःची कबर बांधायला घेतली होती, असे तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले होते आणि त्यावर पुढच्या पिढ्यांनी कल्पनेचे मजले चढवले. उत्खननात कबरीचा पाया निघाला नाही; निघाला तो पंचवीस कारंजांचा एक मोठा अष्टकोनी हौद, जो ताजच्या मध्यरेषेवर अचूक बसवलेला होता आणि ज्याच्या पाण्यात चांदण्या रात्री ताजचे प्रतिबिंब पडावे अशी त्याची योजना होती. औरंगजेबाने 1652 मध्ये बापाला लिहिलेल्या एका पत्रात मेहताब बाग पुराच्या पाण्यात बुडाल्याचे आणि अष्टकोनी हौद मात्र सुस्थितीत असल्याचे कळवले होते. गाळ उपसल्यावर हौद जागेवर सापडला आणि पत्रातला शब्द जमिनीतल्या वस्तूशी जुळला. गाळानेच बाग पुरली आणि गाळानेच ती राखली.

या शोधाचे महत्त्व एका दंतकथेच्या खंडनापुरते नाही. हुमायूँच्या कबरीसारख्या इतर मोगल स्मारकांत कबर बागेच्या मध्यभागी असते, तर ताज मात्र आपल्या बागेच्या टोकाला नदीकाठी आहे, आणि या अपवादाची कारणमीमांसा अभ्यासक दीर्घकाळ करीत होते. मेहताब बाग ही ताजच्या रचनेचाच भाग आहे असे मानले, तर ताज टोकाला राहत नाही. दोन बागांच्या मधोमध, नदीसह, तो मध्यावर येतो. एबा कॉख यांनी यमुनेच्या दोन्ही तीरांवरच्या चव्वेचाळीस बागांचा अभ्यास करून आग्रा हे मुळात नदीकाठच्या बागांचे शहर होते असे दाखवले. असे असताना मेहताब बागेला ताजचे छायाचित्र काढण्याची जागा एवढीच ओळख उरावी, ही गोष्ट क्लेश देणारी आहे.

झाडे कोणती होती, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात आणि पुरातत्त्वाला त्याचे उत्तर सर्वांत कमी खात्रीने देता येते. मातीचे नमुने पाण्यात ढवळून वर तरंगणारे जळके दाणे आणि कोळसा वेगळा करता येतो, आणि परागकणांची तपासणी करता येते. पण वाऱ्याने पसरणारे गवताचे पराग मैलोगणती दूरवरून येतात, तर गुलाब-चमेलीसारख्या कीटकांवर अवलंबून असणाऱ्या फुलांचे पराग थोडेच आणि जागच्या जागी पडतात. शिवाय आलटून-पालटून ओल्या आणि कोरड्या होणाऱ्या मातीत पराग लवकर नष्ट होतात. म्हणजे नमुन्यात गवत भरपूर आणि गुलाब शून्य असे आढळले, तरी बागेत गुलाब नव्हते असा निष्कर्ष काढता येत नाही. ही मर्यादा मान्य करण्याऐवजी ‘मोगलकालीन वनस्पती’ अशी पाटी लावून मनाला येईल ती झाडे लावणे हा सोपा मार्ग ठरतो. बोगनवेलीचे उदाहरण घ्यावे. ही वेल युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांना ब्राझीलमध्ये 1760 च्या दशकात आढळली. शाहजहानच्या बागेत ती असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, तरी ऐतिहासिक स्मारकांच्या आवारात ती सर्वत्र दिसते. दुसऱ्या टोकाला ‘शुद्ध देशी’ झाडांचा आग्रह धरणारेही तितकेच चुकतात. फिरंग्यांच्या बंदरांतून आलेला अननस आग्र्याच्या गुल-अफशान बागेत दरवर्षी हजारोंच्या संख्येने पिकतो, अशी नोंद जहांगीराने आपल्या आठवणींत केली आहे. अमेरिका खंडातले ते फळ पोर्तुगिजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि शंभर वर्षांच्या आत मोगल बागेत रुजले. जुनी बाग ही नव्या वनस्पतींची हौसेने केलेली प्रयोगशाळा होती, हे विसरून चालणार नाही.

झाडांच्या गोंधळापेक्षाही खोल नुकसान हिरवळीने केले. येथे हिरवळ म्हणजे सारखे कापलेले, सपाट, इंग्रजी धाटणीचे गवत. मोगल बागेत गवत मुळीच नव्हते असे नाही. काबूलकडील आपल्या बागेतल्या तिपानी गवताचे कौतुक बाबराने स्वतःच केले आहे. पण चारबागेच्या वाफ्यांत दाट फळझाडे, फुलझाडे आणि सावली होती, आणि एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत ताजचा घुमट गर्द झाडीतून वर डोकावताना दिसतो. 1899 ते 1905 या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झन यांनी भारतीय स्मारकांसाठी जे केले त्याचे ऋण नाकारता येत नाही. मात्र इमारतीचे दर्शन मोकळे व्हावे यासाठी त्यांच्या काळात झाडी विरळ करण्यात आली आणि तिच्या जागी हिरवळ आली. ज्या देशात पावसाने गवत आपोआप हिरवे राहते तिथली ही कल्पना उत्तर भारताच्या उन्हाळ्यात रोजच्या पाण्याशिवाय तग धरीत नाही. त्याहून महत्त्वाचे हे, की सावलीतून, फळांच्या वासातून आणि पाण्याच्या आवाजातून हळूहळू कबरीकडे जाण्याचा जो अनुभव या बागेने घडवला होता, त्याच्या जागी दूरवरून एका नजरेत इमारत पाहण्याचा अनुभव आला, आणि आज तोच मूळचा वाटतो.

दिल्लीतील हुमायूँच्या कबरीची बाग या दृष्टीने सर्वांत शिकवणारी आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात चौकोनी हौदांच्या जागी इंग्रजी पद्धतीचे गोल वाफे आले, विसाव्या शतकाच्या आरंभी कर्झन यांच्या आदेशाने मूळ आराखडा पुन्हा उघड करताना चुन्याच्या पाटांना लाल दगडाचे अस्तर लागले, आणि 1947 मध्ये फाळणीच्या निर्वासितांची छावणी त्याच आवारात पडली. 1997 ते 2003 या काळात आगाखान सांस्कृतिक न्यासाने पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने सुमारे तीन किलोमीटर लांबीचे पाट पुन्हा वाहते केले. त्यासाठी दर चाळीस मीटरला एक सेंटिमीटर एवढाच उतार ठेवावा लागला. बुजलेल्या विहिरी उपसण्यात आल्या आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय करण्यात आली. चाळीस मीटरला एक सेंटिमीटर उतार साधणाऱ्या पाथरवटाचे कौशल्य घुमट बांधणाऱ्या गवंड्यापेक्षा कमी मानण्याचे काही कारण नाही.

परंतु याच बागेने फ्लॉरेन्स सनदेतला सर्वांत अवघड प्रश्नही समोर आणला. ही सनद सांगते, की बागेच्या विकासातल्या सर्व टप्प्यांचा आदर करावा आणि तत्त्वतः कोणत्याही एका कालखंडाला झुकते माप देऊ नये. मग लाल दगडाचे अस्तर काढावे की ठेवावे? इंग्रजांचे गोल वाफे हा इतिहास नव्हे काय? निर्वासितांच्या चुलींची राख, त्यांनी ठोकलेल्या खुंट्यांची छिद्रे, हा तर गेल्या शतकातल्या सर्वांत मोठ्या मानवी विस्थापनांपैकी एकाचा जमिनीवरचा ठसा. तो कोणत्या न्यायाने खरवडायचा? या प्रश्नाला सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही, पण एक कसोटी सुचवता येते: ज्या कालखंडाविषयी जमिनीची साक्ष सर्वांत पक्की आहे आणि ज्याची रचना आजही चालती करता येते, तो कालखंड दृश्य ठेवावा, आणि बाकीचे थर नष्ट न करता, मोजून, नोंदून, मातीखाली सुरक्षित ठेवावेत. दृश्य न राहिलेला थर हा नष्ट झालेला थर नव्हे. पुढच्या पिढीकडे अधिक चांगली साधने असतील तेव्हा तो वाचता येईल.

यावर एक आक्षेप योग्यच घेतला जातो. उत्खनन हाही एक विध्वंस आहे. एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून जमिनीत विद्युतप्रवाह सोडून तिचा रोध मोजणे किंवा चुंबकीय फरक टिपणे, अशा न खणता केलेल्या पाहणीने सुरुवात करावी आणि जेथे नेमका प्रश्न असेल तेथेच लहान चर घ्यावा. याच न्यायाने हिरवळीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे: गवताची मुळे उथळ असतात, त्यामुळे हिरवळ इतिहास झाकते, पण सहसा तो फोडत नाही. इतिहास फोडतात ते चांगल्या हेतूने, पण पूर्वपाहणीशिवाय लावलेल्या झाडांचे खड्डे, तुषार सिंचनाच्या नळांचे चर आणि प्रकाशयोजनेच्या केबलीसाठी केलेली खोदाई. एका रात्रीच्या रोषणाईसाठी खणलेला हातभर खोल चर तीनशे वर्षांची पायवाट कायमची तोडू शकतो. म्हणून रोपे आणि केबली यांच्या प्रत्येक खोदाईवर पुरातत्त्वज्ञाची उपस्थिती सक्तीची करणे, ही मागणी कितीही किचकट वाटली तरी सोडता येण्यासारखी नाही.

बाग चालते ती माणसांवर आणि पैशावर. ताजच्या देखभालीसाठी शाहजहानने तीस गावांचा महसूल आणि लगतच्या बाजारातल्या दुकानांचे भाडे लावून दिले होते. म्हणजे बागेच्या रचनेतच तिच्या उत्पन्नाची तरतूद होती. आजच्या जतनात ही बाजू सर्वांत दुबळी आहे. मोटेचे पाणी पाटात किती वेळ सोडावे, वाफ्याची बारी केव्हा फोडावी, आंब्याचे कलम कोणत्या झाडावरून घ्यावे, हे ज्ञान माळ्याच्या हातात असते आणि तो निवृत्त झाला, की जाते. कलमाचा मुद्दा तर वारशाच्या दृष्टीने विशेष आहे, कारण बियांपासून उगवलेले झाड हे नवे झाड असते, तर कलमातून वाढलेले झाड हे जुन्याच झाडाचा पुढे चाललेला देह असतो. जुन्या बागेतील आमराईची कलमे राखणे म्हणजे त्या बागेचा एक जिवंत तुकडा राखणे होय.

कायद्याची चौकटही या कामाला पुरेशी अनुकूल नाही. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात प्राचीन स्मारकाची जी व्याख्या आहे तिच्यात वास्तू, गुहा, शिलालेख, दफनस्थळ यांचा उल्लेख आहे, बागेचा नाही. बाग संरक्षित होते ती इमारतीच्या आवाराचा भाग म्हणून. पुरातत्त्व सर्वेक्षणाची उद्यान शाखा स्वतंत्र आहे, उत्खनन शाखा स्वतंत्र, आणि ज्या ठिकाणी या दोन ज्ञानशाखांनी एकत्र उभे राहायला हवे ती जागा म्हणजे नेमकी वाफ्याची कड.

महाराष्ट्रात हा विषय अजून जवळजवळ अस्पर्श आहे, आणि येथील अडचणीही वेगळ्या आहेत. दख्खनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची माती, खापरे, बिया त्या भेगांतून खाली पडतात; पावसाळ्यात ती पुन्हा फुगून मिटते, त्यामुळे थरांची सरमिसळ होते आणि गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाइतकी स्वच्छ साक्ष ती देत नाही. येथे पुरावा शोधायचा तो दगड, चुना आणि पाण्याच्या पातळ्यांत. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याची चारबाग आणि पाणचक्कीपर्यंत पाणी आणणारे मातीचे नळ. पुण्यात कात्रजहून शहरात पाणी आणणारा जमिनीखालचा नळ आणि त्याचे उच्छ्वास, म्हणजे हवा सुटण्यासाठी बांधलेले झरोके. शनिवारवाड्यातले हजारी कारंजे. पर्वतीखालच्या ज्या तळ्यातल्या बेटावर गणपतीचे देऊळ होते आणि ज्याच्या कोरड्या तळावर आज सारसबाग पसरली आहे ते तळे: हे सारे एकाच अभ्यासाचे विषय आहेत, आणि पेशवे दप्तरातील बागांविषयीच्या नोंदी वाचू शकणारे मोडी जाणकार येथे अजून आहेत, ही या अभ्यासाची मोठी जमेची बाजू आहे.

अहमदनगरजवळचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळचा, फराहबाग येथे पहिला मानावा. निजामशाहीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण झालेला हा महाल एका मोठ्या तलावाच्या मधोमध उभा होता. पाणी गेल्यामुळे तो आज मैदानातली एक रिकामी इमारत वाटतो. त्या तलावाच्या काठाची उंची, पाणी आणणाऱ्या पाटाच्या मुखाची उंची आणि महालाच्या खालच्या मजल्याच्या उंबरठ्याची उंची यांचा परस्परसंबंध एकदा अचूक मोजला, तर पाणी कोठपर्यंत चढत होते आणि महालातून बागेकडे पाहणाऱ्याला काय दिसत होते, हे सांगता येईल. सुशोभीकरणाच्या कोणत्याही योजनेआधी हे मोजमाप व्हायला हवे, आणि त्यासाठी कुदळ मारण्याचीही गरज नाही.